धुळ्यातली अर्धी भेट

जळगावहून धुळ्याची एसटी सुटली तेव्हा सुनंदाअक्काच्या मांडीवर पितळी डबा होता. शेजारी तिचे यजमान सलीमभाई, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. अक्का ही माझ्या मित्राची, नानाची, थोरली बहीण. धुळ्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. नानाने दोन वर्षांपासून बहिणीशी बोलणं टाकलं होतं, म्हणून मध्यस्थी करायला अक्काने मला पुण्याहून बोलावून घेतलं.

डब्यात वांग्याचं भरीत होतं. जळगावातल्या मेहरूण भागात, त्यांच्या घरामागे, कापसाच्या काड्यांवर सलीमभाईंनी सकाळी स्वतः वांगी भाजली होती. सासूला त्यांच्याच हातचं आवडतं, असं अक्का सांगत होती. पस्तीस वर्षांपूर्वी सगळं घर विरोधात असताना याच आईने जावयाला दिवाळसणाला बोलावलं होतं.

एरंडोलनंतर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. सलीमभाई उतरले, ड्रायव्हरबरोबर अर्धा तास खपले, हात काळे करून परत आले. प्रवाशांनी मिस्तरींचं कौतुक केलं. नाव कुणी विचारलं नाही. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

धुळ्यात नाना दारातच उभा होता. त्याने मला मिठी मारली. मग हळू आवाजात म्हणाला, "अक्का येईल आत. ते नाही. गल्ली आता पूर्वीची नाही, आणि मला इथेच राहायचंय."

मी बरंच बोलणार होतो. सलीमभाईंनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. नानाच्या बायकोने चहा आणला. मी तो प्यालो.

आतल्या खोलीत आईने अक्काचा हात चाचपला. "एकलीच उनी का? जवाई कोठे शे? त्याले मझार बलाव." (एकटीच आलीस का? जावई कुठे आहे? त्याला आत बोलाव.)

नाना भिंतीकडे बघत राहिला. अक्काने सांगितलं, त्यांना सुट्टी मिळाली नाही. निवृत्त माणसाची सुट्टी. मग तिने डब्यातल्या भरताचे आईला दोन घास भरवले, तिचं तोंड पुसलं, आणि निघताना नानाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने मान बाजूला घेतली.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात नानाचा फोन आला. आई गेली होती. अक्काला कळवलंस का, असं विचारलं तर तो आईच्या शेवटच्या दुखण्याचं सांगू लागला. मीच मेहरूणला फोन लावला. सलीमभाईंनी उचलला. मी आई गेल्याचं सांगितलं.

"तिला मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही नानाला सांभाळा. एकटा पडला असंल."

प्रेमापुढे द्वेष टिकत नाही, असं मी गावोगावच्या व्याख्यानांत सांगत आलो आहे. धुळ्याच्या त्या घरात तो चांगला टिकला, आणि मी त्याचा चहा प्यालो. सलीमभाईंचे शब्द मी नानाला जसेच्या तसे कळवले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.