बांधावरची खाजकोलती

रोहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. फुलांच्या आकृत्या तिच्याइतक्या सुबक वर्गात कुणी काढत नव्हतं. माहेर लोणी भापकरचं, आणि धाकटी बहीण संस्कृती तेव्हा ताईचं भिंग पळवून मुंग्या बघत हिंडायची. पदवी झाली, रोहिणी अंथुर्ण्याला सासरी आली आणि पुढचं शिक्षण राहून गेलं. तिला कुणी अडवलं नव्हतं. नवरा दीपक भला माणूस होता. पण ऊस, म्हशी आणि दोन लेकरं यांत वर्षं कशी सरली, ते कळलंच नाही.

आता तीच संस्कृती ताईच्याच कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय होता दंश करणाऱ्या केसांच्या वेली.

"ताई, तुझ्या बांधावर खाजकोलती हाय ना? रविवारी येते बघायला," तिचा फोन आला.

"ये की," रोहिणी म्हणाली. पण फोन जरा आपटूनच ठेवला.

हा वेल तिनं कधीच ओळखून ठेवला होता. ताणे नसतानाही तो कुंपणाच्या काठ्यांना पीळ घालत वर चढायचा. तुऱ्यात वर बारक्या नरफुलांची रांग आणि तळाशी एखादंच मादीफूल, कंगव्यासारख्या दातेरी, हिरव्या निदलांत बसलेलं. हे तिनं एकटीनं, पाणी धरता धरता पाहिलं होतं. आणि आता त्यावर नाव लागणार होतं संस्कृतीचं.

"आमची मेव्हणी डॉक्टर व्हणार," दीपक येईल त्याला सांगायचा. सासूबाई गोजरबाई म्हणायच्या, "पोरगी लय हुशार निघाली." तो 'निघाली' शब्द रोहिणीला भारी झोंबायचा. म्हणजे थोरली निघाली न्हाई!

शनिवारी सकाळी ती खुरपं घेऊन बांधावर गेली. ओढणी हाताला गुंडाळली आणि वेल ओढून काढायला लागली. रागाच्या भरात ओढणी कधी सुटली ते कळलंच नाही. मनगटापासून कोपरापर्यंत आगीचा डोंब उसळला, गांधी उठल्या. तरी तिनं सगळा वेल उपटून पाण्याच्या चारीत भिरकावला.

"आंधळी झालीस का गं?" गोजरबाई हातावर शेण लावत ओरडल्या. "माझ्या माहेरची मेंढरंसुदिक त्या वेलाला तोंड लावत नव्हती!"

रविवारी संस्कृती स्कूटीवरून आली. मोकळं कुंपण बघितलं, मग ताईचा सुजलेला हात.

"तू उपटलास?"

"व्हय."

"का गं?"

"जळते मी तुझ्यावर," रोहिणी म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

संस्कृती बांधावर बसली. मग म्हणाली, "तुझ्या आकृत्या अजून लॅबच्या भिंतीवर हायेत. माझी आकृती सर परत करतात आणि म्हणतात, बहिणीसारखी काढा. मला काय वाटत आसंल तवा?"

रोहिणीला आनंद झाला. तो चांगला आनंद नव्हता, हेही तिला समजलं. पण झाला खरा.

"वढ्याकाठी करंजावर दुसरा वेल हाय," ती म्हणाली. "दाखवते. पण आकृती मी काढणार आणि खाली नाव माझं."

"आणि वेल मी धरणार व्हय?"

"हातमोजे घाल, म्हणजे झालं."

दोघी दुपारपर्यंत करंजाखाली बसल्या. खाज दाबत, भिंगातून बघत, रोहिणीनं एकेक केस कागदावर उतरवला. पुढं संस्कृतीचा लेख छापून आला, त्यात आकृतीखाली रोहिणीचं नाव होतं.

तेवढ्यानं जळणं थांबलं नाही. संस्कृती अधूनमधून नव्या वेलाचा फोटो पाठवते. रोहिणी दोन-दोन दिवस उत्तरच देत नाही. मग लेकरं शाळेत गेली की पेन्सिलीला टोक करते.