रविवारी बंद

‘मावशी गेली’ हा फोन मला पुण्यातल्या ऑफिसात आला. समोर कुठल्याशा हॉटेलची वेबसाइट उघडी होती. ती तशीच टाकून मी न्हावऱ्याची एसटी पकडली... त्याला दीड महिना झाला. माझा राग अजून उतरत नाही.

मार्थामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. न्हावऱ्यात रस्त्याकडेला तिची खानावळ होती. पिठलं-भाकरी, शनिवारी मटण. रविवारी मात्र दाराला कुलूप. सकाळच्या एसटीनं ती शिरूरला उपासनेला जायची. काका वारले त्या आठवड्यातही तिचा रविवार चुकला नव्हता.

वेबसाइट मीच हौसेनं करून दिली. पानावरचं माणसं वाचतात. पण सर्चच्या यंत्राला नाव, पत्ता, वेळा नेमक्या कळाव्यात म्हणून पानामागे ठरावीक साच्यात माहिती भरावी लागते. तीही मी भरली. पानावर ठळक लिहिलं, ‘रविवारी बंद’. तरी मोबाइलवर शोधलं की रविवारी ‘सुरू आहे’ असंच दिसायचं. लोक वाट वाकडी करून येत आणि कुलूप बघून परत जात. एकानं तिथंच लिहिलं, ‘फसवतात. म्हाताऱ्या आईला उपाशी न्यावं लागलं.’

मावशीनं ते वाचलं आणि मला फोन केला. “आरं, कुणाची तरी आई उपाशी गेली माझ्या दारातनं. कर की कायतरी.”

“माझ्याकडून सगळं बरोबर आहे गं. ते सर्चवालेच वेळ लावतात. थांब जरा.”

थांब... किती सहज म्हणालो! आठवडे गेले. ती विचारायची, मी तेच उत्तर द्यायचो, वर वैतागायचो. शेवटी तिनं विचारणंच सोडलं. रविवारी शिरूरला जाणंही थांबवलं. खानावळीच्या दाराशी बसून राहायची आणि येईल त्याला घरातली भाजी-भाकरी वाढायची. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग एका दुपारी मी ती माहिती ओळ न् ओळ वाचली. साचा दुसऱ्या हॉटेलच्या वेबसाइटवरून उचललेला. नाव बदललं होतं, पत्ता बदलला होता. वारांच्या यादीत सातही वार तसेच. एक शब्द खोडायचा राहिला होता. खोडला. चार दिवसांत मोबाइलवर ‘बंद’ दिसायला लागलं.

“झालं बघ, केलं त्यांनी दुरुस्त,” मी तिला फोनवर म्हणालो. त्यांनी!

“बरं झालं बाबा,” एवढंच ती बोलली. त्या रविवारी ती शिरूरला जाऊन आली. बुधवारी सकाळी भाकरीचं पीठ मळता मळता गेली. खरं सांगायचं राहूनच गेलं.

दफनानंतरच्या प्रार्थनेला खुटबावचे एक आप्पा आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमीच का त्यो भाचा? मी एका रविवारी आलतो. कुलूप बघून लय बोललो त्यास्नी. त्यांनी बसवून जेवाय घातलं. म्हणल्या, मशीन कशाला खोटं बोलंल? आमच्या पोराकडनंच कायतरी ऱ्हायलंय. त्याला काय म्हणू नका, ध्यानात आलं की करंल त्यो.”

म्हणजे तिला माहीत होतं. मग एकदा तरी ओरडायचं होतंस गं मावशी... मी त्याच दिवशी बघितलं असतं.

आप्पा गेल्यावर मी खानावळीत शिरलो. परातीशेजारी फळीवर तिचं उपासनेच्या गीतांचं पुस्तक होतं, पानांवर पिठाची बोटं उमटलेली. शेजारीण म्हणाली, “रविवारी दारात बसून गायच्या. पर लय हळू. गिऱ्हाईक आलं तर गाडीचा आवाज ऐकू यावा म्हणून.”