खाडीतला शिंगाळा आणि पेंडीचे लाडू

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा जागा सोडून जातं, ही गोष्ट मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळली. तीही पुस्तकातून नाही. पाणी गेलं तेव्हा मी होडीत बसलेलो होतो. पाणी गेलं, मी, होडी आणि माझ्या विहीणबाई तिथंच राहिलो.

मी माजलगावचा. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं माझं दुकान आहे. आमच्याकडे धरण आहे, आणि धरणाचं पाणी साहेबांनी दरवाजे उघडल्याशिवाय कुठंही जात नाही. असल्या शिस्तीच्या पाण्याची मला सवय.

आता आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या रेणुकाचं लग्न रत्नागिरीकडच्या मुलाशी ठरलं. दोघं पुण्यात एकाच कंपनीत होते, त्यामुळे ठरलं म्हणजे त्यांनीच ठरवलं. आम्हाला फक्त जेवायला बोलावलं. त्या जेवणात मुलाकडचे खाडी, होडी, भरती, ओहोटी असं बोलत होते आणि मी नुसता वरण ओरपत होतो. बापाने काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. फोटोत मी धरणाच्या काठावर उभा, आणि हातात लहान वासराएवढा कटला मासा.

"अरे वा, तुम्ही पण गळवाले का?" व्याही म्हणाले.

"असंच आपलं, थोडंफार," मी म्हणालो. इतक्या नम्रपणे, की कुणालाही वाटावं हा माणूस रोज दोन कटले मारत असणार.

तो कटला माझा मित्र सलीमभाई याने पकडला होता. सलीमभाई फळांचा गाडा लावतो आणि शुक्रवारी दुपारनंतर धरणावर गळ टाकून बसतो. मी शेजारी बसून त्याची उरलेली केळी खातो. फोटोपुरता मासा मी हातात घेतला होता. एवढं सांगायचं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.)

लग्नानंतर सहा महिन्यांनी विहीणबाईंचा फोन आला, चार दिवस या, खाडीवर जाऊ. मी सलीमभाईकडे गेलो.

"कशाला दाखवला रे फोटो?" तो म्हणाला.

"दाखवला फक्त. म्या पकडला असं कुठं बोल्लो?"

"आता जातोच हायस तर गप बसून ऱ्हा. खाडी म्हंजे आपलं धरण न्हाई. लई बेकार जागा असती म्हनत्यात."

पण गप्प बसणं हा माझा गुण नाही. मी त्याच्याकडून कटल्याच्या आमिषाची कृती घेतली: शेंगदाण्याची पेंड, गूळ, कणीक आणि वासासाठी भरपूर हिंग. त्याचे गोल गोल बारा गोळे वळले, स्टीलच्या डब्यात भरले, आणि मी आणि माझी बायको मंदा कोकणात पोचलो.

विहीणबाईंचं नाव सुमनताई. तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. स्वतःची छोटी होडी, वडिलांनी शिकवलेली मासेमारी. व्याही मात्र पाण्यात जात नाहीत, होडी हलली की त्यांचं पोट ढवळतं. ते घरी बसून पेपर वाचतात. म्हणजे गळावर बसायचं ते सुमनताईंबरोबर, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मनात म्हटलं, बरंच झालं. बाईमाणूस आहे, आपलं निभावून जाईल. (हे वाक्य मी मंदालाही बोलून दाखवलं होतं. ते तिने अजून जपून ठेवलं आहे.)

जेवताना सुमनताईंनी, अंगणवाडीतल्या पोरांना सांगावं तसं, बोटांवर मोजून सांगितलं.

"दादा, चार गोष्टी ध्यानात ठेवा. भरती सकाळी साडेसहाला पुरी होते, मग पाणी उतरायला लागतं. आपण दहाच्या आत बाजूच्या फाट्यांतून मुख्य खाडीत यायचं, नाहीतर होडी चिखलात बसेल. दुसरं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. तिसरं, होडीत उभं राहायचं नाही. आणि चौथं, गळाला शिंगाळा लागला तर हाताने धरायचा नाही. त्याला तीन काटे असतात, विषारी. फडक्याने धरायचा, नाहीतर मला द्यायचा."

"अप्पा, ऐकताय ना?" रेणुकाने विचारलं. ती आमच्याआधी दोन दिवस आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर लहानपणी माझ्या स्कूटरच्या मागे बसताना असायची तसली काळजी होती.

"अगं, पाण्याकाठी म्हातारा झालोय मी," मी म्हणालो.

सकाळी मी उठलोच साडेसहाला. चहा, अंघोळ, पुन्हा चहा. होडीत बसेपर्यंत आठ वाजले. सुमनताई वल्ही मारत होत्या, मी पुढं बसून नवाकोरा गळ मांडीवर घेऊन, जणू मीच त्यांना खाडी दाखवायला आणलं होतं. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूला कांदळवन, आणि मी त्यांना कटल्याचा स्वभाव समजावून सांगत होतो. त्या "हो का, हो का" म्हणत होत्या.

मग मी डबा उघडला. आत दहाच गोळे.

"हे काय, आमिष आहे?" सुमनताईंनी वल्हं थांबवलं.

"हो. पेंडीचं. खास."

त्यांनी वाकून डब्यातले गोळे बघितले. "ह्यांनी सकाळी चहाबरोबर दोन खाल्ले," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, बीडकडचे लाडू जरा उग्र असतात, पण एवढ्या लांबून आणलेत तर नाही कसं म्हणायचं."

मी मान खाली घातली. मराठवाड्यातला पाहुणा लेकीच्या सासऱ्याला गुरांची पेंड खाऊ घालतो, ही बातमी आता दोन जिल्ह्यांत फिरणार होती. ताईंनी जिवंत कोळंबी गळाला लावली आणि दहा मिनिटांत एक लालसर तांबोशी वर काढली. मग दुसरी. माझ्या गोळ्याला पाण्यात पडताक्षणी पाय फुटत होते. गळ वर काढला की नुसता हूक चमकायचा.

"कोळंबी लावून बघता का?" त्यांनी दोनदा विचारलं.

"न्हाई, लागंल," मी म्हणालो. मला आता मासा नको होता, अब्रू हवी होती.

साडेनऊच्या सुमारास बाजूच्या अरुंद फाट्यात एक मासा हवेत उडाला. मग आणखी एक.

"ताई, तिकडं चला. लई मासं हायेत तिकडं."

"ती बोय आहे दादा. ती उड्या मारते, गळाला लागत नाही. आणि पाणी बघा किती उतरलंय."

"पाचच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठावरच्या उघड्या पडलेल्या मुळांकडे बघितलं, आणि होडी फाट्यात वळवली. आज आठवलं की मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं, आणि तरी पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्या वल्हं मारत राहिल्या.

पाच मिनिटांची चाळीस झाली. आणि मग खरंच माझ्या गळाला ओढ लागली. पेंडीला नव्हे, ताईंनी मी बघत नसताना हुकाला कोळंबी लावून ठेवली होती. मी ओढलं. राखाडी, मिशीवाला, दोन वीत लांबीचा मासा होडीत येऊन पडला. माझ्या आयुष्यातला पहिला मासा. सगळा उपदेश क्षणात डोक्यातून पुसला गेला. मी उभा राहिलो (तिसरी गोष्ट) आणि मासा उजव्या हाताने गच्च धरला (चौथी).

"दादा, तो शिंगा..." एवढंच मला ऐकू आलं.

तळहातात तापलेली सळई घुसली तर कसं वाटेल ते मी मोटारीच्या धंद्यात अनुभवलंय. ते बरं होतं. मी ओरडलो, नाचलो, होडी कलली, आणि मी बाहेर पडलो. पडलो म्हणजे उभाच पडलो. पाणी वीतभर होतं आणि त्याच्या खाली मांडीएवढा चिखल. शर्टाच्या खिशातला फोन (दुसरी गोष्ट) माझ्यापुढं डुबकन पाण्यात गेला. ताईंनी वल्हं पुढं केलं. ते धरून मी होडीत परत आलो, पण चपला चिखलाने ठेवून घेतल्या. या सगळ्या गडबडीत दहा वाजून गेले होते. ताईंनी वल्हं खाली रोवून जोर लावला. होडी हलली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"बसली," त्या म्हणाल्या. चारही गोष्टी पूर्ण झाल्या होत्या.

माझा हात फुगत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईंनी मासा फडक्याने उचलून टोपलीत टाकला, काटा मोडून आत राहिला नाही ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, "याला सोसवेल तेवढं गरम पाणी लागतं." पाणी नव्हतं, थर्मासमध्ये चहा होता. भांडं एकच होतं, माझा डबा. त्यांनी पेंडीवरच चहा ओतला आणि माझा हात त्यात दाबून धरला. पाच मिनिटांत ठणका खरोखर उतरायला लागला. गूळ, हिंग आणि चहाच्या पातळ खिरीत हात बुडवून मी व्याह्यांच्या गावच्या खाडीत बसून राहिलो.

पाणी संपूर्ण निघून गेलं. चारी बाजूंना चकचकीत चिखल. चिखलात पाय कुठं टाकायचा ते ठाऊक असलेल्या, शिंपल्या वेचणाऱ्या चार बायका आमच्या शेजारून सहज चालत गेल्या.

"सुमन, अगं तू कशी अडकलीस?" त्यातल्या एकीने नवलाने विचारलं.

"माझंच चुकलं," ताई म्हणाल्या. "वेळेकडे लक्ष राहिलं नाही."

त्या बायका पुढं गेल्या. माझ्याच्याने मग राहवलं नाही.

"ताई, त्यो कटला माझा न्हवता," मी म्हणालो. "माझ्या दोस्तानं पकडलता. म्या नुसता धरलता."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं? रेणुकानं?"

"कोणी नाही. फोटोत तुम्ही मासा असा धरला होता, जसं बारशाला कोणी बाळ आणून हातात दिलंय. मासा पकडणारा माणूस कल्ल्यात बोट घालून धरतो."

"मग तवाच का न्हाई बोलल्या?"

"रेणुका शेजारी बसली होती. तुम्ही फोटो दाखवलात तेव्हा तिचा जीव वरखाली होत होता. तिच्यासमोर तिच्या बापाला खोटं पाडून मला काय मिळणार होतं?"

खोटं पकडलं गेल्याची लाज मला नवी नव्हती. दुकानात महिन्यातून एकदा येते. पण सहा महिन्यांहून जास्त काळ कुणीतरी आपलं खोटं आपल्यासाठी सांभाळत होतं, ही लाज वेगळी होती. तिच्यावर गरम चहाचा उपाय चालेना. तीन वाजता पाणी परत आलं आणि होडी हळूच उचलली गेली. तोवर ताईंनी मला डोक्यावर घ्यायला आपला टॉवेल दिला होता.

धक्क्यावर रेणुका आणि मंदा उभ्या होत्या. मी अनवाणी, मांडीपर्यंत काळा, हात पावरोटीसारखा फुगलेला. रेणुकाने मला डॉक्टरकडे नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं, घरी आणलं. जेवायला त्याच शिंगाळ्याचं कालवण होतं. व्याही ताकभात घेत होते आणि अधूनमधून पोटावरून हात फिरवत होते. (त्यांना मी लाडवांचं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तरीच." एवढंच म्हणाले, आणि तेवढं पुरलं.) कटल्याचंही सगळ्यांसमोर सांगितलं. ताई वाढताना थांबल्या, मग मला आणखी एक तुकडा वाढला. माझा उजवा हात कामातून गेलेला, म्हणून रेणुकाने काटे काढून मला घास भरवले, सासू-सासऱ्यांदेखत, आणि मी छप्पन्न वर्षांचा माणूस तोंड उघडून मुकाट खात होतो.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा होडी काढायला निघाल्या. मी म्हटलं, आपण निदान होडीचा दोर तरी सोडून द्यावा. धक्क्याच्या पायरीवर उभा राहून डाव्या हाताने मी तो सोडला. कालच्या शिंपल्यावाल्या बायकांपैकी एक तिथं उभी होती.

"पाहुणे, आज होडीत नाही बसत?" तिने विचारलं.

"न्हाई बाई. आज काठावरूनच बघतो. आधी शिकतो."

"शिका की. फक्त तिथून जरा मागं सरा, पायरीवर शेवाळ..."

तिचं वाक्य पुरं होईस्तोवर मी पाण्यात बसलेलो होतो.