दोन मंडळांचं लग्न

मी लंडनमध्ये इल्फर्डजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांना स्पेन शिकवत होते. कॅस्टिलची राणी आणि अ‍ॅरागॉनचा राजा लग्न करतात, दोन राज्यं एका घरात येतात, माजलेले सरदार वठणीवर येतात. आणि मग एकी पक्की करायची म्हणून ज्यूंना सांगितलं जातं, धर्म बदला नाहीतर चालते व्हा.

त्याच वर्षी आमच्याकडची दोन मराठी मंडळं एक झाली. वर्षानुवर्षं एकमेकांच्या गणपतीला नाकं मुरडणारी मंडळं ही. पण एका अध्यक्षांच्या मुलानं दुसऱ्या अध्यक्षांच्या मुलीशी लग्न जमवलं आणि व्याह्यांशी भांडायचं कुठल्या तोंडानं? दोघंही अध्यक्षच राहिले. स्पेनमध्येही दोन्ही मुकुट शाबूत होतेच.

मग एकी पक्की करायची वेळ आली. मुलांचा रविवारचा मराठी वर्ग आता 'संस्कार वर्ग' झाला. तो घ्यायच्या एक आजी, मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. घरी एकट्या. मुलं-नातवंडं इंग्रजी बोलणारी, त्यामुळे मराठी बोलायला मिळायचं ते फक्त या वर्गात. कमिटीचं म्हणणं, संस्कार शिकवणाऱ्या बाई आपल्यातल्याच हव्यात.

"नथिंग पर्सनल हं," एक अध्यक्ष मला म्हणाले. "आजींबद्दल रिस्पेक्ट आहेच. शाल-श्रीफळ देऊ ना."

स्पेनच्या राणीला एवढं सुचलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर मीटिंगमध्ये मी सगळा इतिहास ऐकवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर केला.

नव्या बाई आपल्यातल्याच मिळाल्या. इथेच जन्मलेली गोड मुलगी, मराठीत सुरू केलेलं वाक्य इंग्रजीत संपवणारी. थोड्याच दिवसांत त्याच अध्यक्षांचा मला फोन आला, "आजी तिला जरा ट्रेन करतील का? अनऑफिशियली?"

मी निरोप घेऊन गेले ते आजींच्या तोंडून खणखणीत नकार ऐकायलाच. निरोप ऐकून त्या चहा टाकायला उठल्या.

"आजी, सरळ नाही म्हणा," मी म्हटलं. "शाल देऊन घालवलंय तुम्हाला त्यांनी."

"घालवलंच. मला काय कळत नाही?"

मग माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "ती पोरगी रोज येईल का गं? विचार ना."