उजवी पाकळी

हृदयाचंच दुखणं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. माझे सगळे कागद स्वच्छ होते. कार्डिओग्राम चांगला, रक्त चांगलं, आणि मी मात्र वास्कोच्या बसमध्ये समोरचा दांडा घट्ट धरून घामाने निथळत बसलेला. छातीत धडधड, हातपाय गार. पणजी आली की उतरून पळावंसं वाटायचं. दोनदा उतरलोही, आणि घरी सांगितलं की बस बंद पडली.

मी डिचोलीजवळच्या सर्वणचा. नोकरी वास्कोला, बंदरावर माल हाताळणाऱ्या एका कचेरीत. जहाज कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून फोन कधी वाजेल याचाही नाही. जेवताना, आंघोळीला, देवपूजेला फोन आपला शेजारी. सात वर्षं असं चाललं आणि मग फोन वाजला नाही तरी छाती धडधडायला लागली.

डिचोलीचे आमचे डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी समजावलं की आपल्याला न विचारता शरीर चालवणारी एक मज्जासंस्था असते, तिला स्वायत्त म्हणतात. तिच्यात दोन कारभारी. एक धावपळीचा, संकट आलं की नाडी पळवणारा. दुसरा विसाव्याचा, अन्न पचवणारा, झोप आणणारा. दोघांनी आळीपाळीने काम करायचं. "तुमचा पहिला कारभारी सात वर्षं घरीच गेलेला नाही," ते म्हणाले. उपाय साधे होते. श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ तो सोडायला लावायचा, चहा कमी करायचा, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं.

पण मी पडलो हट्टी. नाडी मोजणारं घड्याळ विकत घेतलं आणि परीक्षेला बसल्यासारखा श्वास सोडायला लागलो. आकडा खाली येईना की चिडायचो, चिडलो की आकडा वर. बायकोने नाद सोडला. आई माझ्याकडे बघत राहायची. ती पेडण्याची, फार बोलणारी नव्हे. एक दिवस तिने जाहीर केलं की गावच्या देवाला प्रसाद लावायचा, आणि मी विज्ञान शिकलेला माणूस असूनही माझं काही चाललं नाही.

आमच्याकडे अडल्या गोष्टीचा कौल असाच घेतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घड्याळाचा पट्टा चामड्याचा, म्हणून ते देवळाबाहेर राहिलं. फोन आईने काढून घेऊन आपल्या पिशवीत टाकला. भटजींनी माझ्या देखत विचारलं की या लेकराच्या जिवाला बरं पडेल ना, आणि आम्ही तिघं बसलो.

पाकळ्या वाऱ्याने पडू नयेत म्हणून सभामंडपातला पंखासुद्धा बंद होता. अर्धा तास मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. जहाज लागलं असेल, साहेब फोन करत असतील. मग शिव्याही संपल्या. फरशी गार होती, समईच्या तेलाचा वास येत होता, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. आपला श्वास लांब सुटतोय, हे माझ्या लक्षात आलं तेवढंच. मी खांबाला टेकून झोपून गेलो.

खांद्यावर आईचा हात पडला तेव्हा पाकळ्या काढलेल्या होत्या. ती हसत होती.

"देवान उजवी दिल्यान," ती म्हणाली. "आता घाबरा नको."

मी विश्वास ठेवला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ठेवला, चांगला गळ्यापर्यंत ठेवला. डॉक्टर हसले आणि म्हणाले की राखण करायला काही उरलं नाही की शरीर आपसूक विसावतं, त्याला हुकूम सोडून चालत नाही. बरं व्हायला पुढे वर्ष लागलं. घड्याळ कपाटात गेलं. रात्रीच्या जेवणानंतर फोन बंद राहील, असं मी कचेरीत सांगून टाकलं. आकाश काही कोसळलं नाही. सुटीच्या दिवशी नार्वेला जाऊन नदीच्या काठाने चालायचो, श्वास न मोजता सोडायचो. धडधड अधूनमधून यायची, पण देवाने उजवी दिली आहे म्हटल्यावर ती आपोआप ओसरायची. एकदा पणजी मागे पडल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी मी आईसाठी जिलेबी घेऊन गेलो.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. परवा देवळात गेलो होतो. भटजी थकलेत, ओटीवर बसून असतात. बोलता बोलता मी म्हटलं की त्या उजव्या पाकळीने मला उभं केलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"आता तुमची आई नाही, म्हणून सांगतो," ते म्हणाले. "डावी पडली होती. तुम्ही झोपला होता. तिने हात जोडले, म्हणाली, त्याका सांगू नकात, जाग इली की मीच सांगतंय."

 देवाचा नकार एकटीने पदरात बांधून घेऊन ही बाई हसत हसत माझ्याबरोबर घरी आली होती. नंतर वर्षभर रोज संध्याकाळी बसथांब्यावर उभी असायची. मासे बघायला आले म्हणायची, आणि मासेवाली तर दुपारीच गेलेली असायची. मी तिची थट्टा करायचो.

त्याच वर्षी गणपतीच्या चवथीच्या सुमारास तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दोष मिठाचाच धरून, सुके बांगडे आणि लोणचं खाणं सोडत नाहीस म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. तिने ताटातलं लोणचं मुकाट्याने बाजूला काढून ठेवलं होतं.