किलोच्या भावाचा ट्रे

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या फॅब्रिकेशनवाल्याचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी हातगाडीवर जुन्या बॅटऱ्या गोळा करून वर आलो. किलोनं घ्यायच्या, किलोनं विकायच्या. पुढे रायपुरातच, तात्यापाऱ्यात बॅटरीचं दुकान टाकलं आणि शहराबाहेर छत्तीसगडची नवी राजधानी उभी राहत होती तेव्हा एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार घेतली. रविवारी सकाळी नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर असे पाच-सहा गाडीवाले जमायचे. त्यात एक बिल्डर होता. एकदा माझी गाडी त्याच्या मागे पडली, तर सगळ्यांसमोर म्हणाला, “भैया, कबाड़ी की गाड़ी है, लोहा तो ज़्यादा रहेगा ही!”

सगळे हसले. मी तिथल्या तिथे गाडी ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर चढवली, पावती खिशात घातली आणि म्हणालो, “पुढच्या रविवारी दहा किलो कमी करून आणतो. नाही झालं तर परत तोंड दाखवणार नाही.”

उपाय मला ठाऊक होता. गाडीतली शिशाची बॅटरी अठरा किलोंची. मी पाच किलोंची लिथियमची मागवली. ती आकारानं लहान, जुन्या जागेत खुळखुळायची. म्हणून जुना ट्रे काढून टाकला आणि नवा बनवायला उरल्याला त्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. फाटक असो की खिडकीची जाळी, तिथे मजुरी किलोवर ठरते. तासभर घासाघीस करून मी किलोचा भाव निम्म्यावर आणला आणि खुशीत परतलो. शनिवारी त्याच्याच माणसानं ट्रे बसवून दिला.

रविवारी टाकी आधीसारखीच फुल्ल करून गाडी काट्यावर चढवली. आकडा तोच. बिल्डर पोट धरून हसला. मी एक आठवडा मागून घेतला. आयुष्यात कोणाकडे काही असं मागितलं नव्हतं.

तिथेच पाना घेऊन ट्रे काढला. हातात घेताच कळलं. दुकानातल्या काट्यावर भरला अकरा किलो! बॅटरीत वाचलेल्या तेरातले उरले दोन, आणि धर्मकाटा तर दहा-दहा किलोंच्या टप्प्यानंच आकडा दाखवतो. तसाच उरल्याला नेऊन त्याच्या टेबलावर आपटला.

“हे काय रेल्वेचं इंजिन ठेवायला बनवलंस?”

“काहून ओरडून राहिले शेठ? किलोचा भाव तुम्हीच पाडला न. मले परवडलं पाहिजे, म्हणून प्लेट जाड घेतली.”

“हलकं पाहिजे म्हणून बोललो होतो!”

“बॅटरी हलकी हाय बोलले होते. ट्रेचं कुठं बोलले?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. भावाच्या नादात मी कामाचं बोलायलाच विसरलो होतो. दुसरीकडे जायला वेळ नव्हता, हेही त्यानं ओळखलं होतं. ॲल्युमिनियमच्या पातळ ट्रेचे एकरकमी पैसे त्यानं सांगितले ते पहिल्याच्या तिप्पट. मी घासाघीस न करता मोजून दिले.

पुढच्या रविवारी काट्यावर दहा किलो कमी भरले. बिल्डरनं पावती उलटीसुलटी पाहिली. हसायला काही उरलं नव्हतं. मग विचारलं, “ट्रे कितने में बनवाया?”

मी दिले होते त्याच्या निम्मी किंमत सांगितली.