लिफ्टसमोर बसलेली जुनिपर

सकाळी सहा बावन्नला वेंडेल क्रूपा कॉफीचं दुसरं भांडं चढवत होता. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या कोर्टात तिसऱ्या मजल्यावर त्याचा खाण्यापिण्याचा स्टॉल आहे. वय एकसष्ट, जन्मापासून अंध. नाणी तो बोटांनी ओळखतो, नोटा गिऱ्हाइकाच्या शब्दावर घेतो.

काउंटरखाली जुनिपर पडली होती. काळी लॅब्राडोर, गेली चार वर्षं त्याला रस्ता दाखवणारी. तीन आठवड्यांपूर्वी लिफ्टमध्ये एकाचा बुलडॉग तिच्या मानेला चावला. कोर्टात फक्त अंध-अपंगांच्या कामाच्या कुत्र्यांना प्रवेश, म्हणून त्या बुलडॉगच्या अंगावर ‘सेवा श्वान’ लिहिलेलं लाल जॅकेट होतं, घरबसल्या मागवलेलं. जखम भरली, पण तेव्हापासून लिफ्ट आली की जुनिपर खाली बसते. मग वेंडेल दारावरची पहारेकरी डार्लीन हिचा दंड धरून लिफ्टने वर येतो, जुनिपरला पट्ट्याने मागून ओढत.

नऊ वाजता जुनिपरच्या प्रशिक्षण शाळेच्या रोझाल्बा किंतेरो आल्या. परीक्षा सोपी होती: खालच्या दारापासून स्टॉलपर्यंत जुनिपरने त्याला एकटीने न्यायचं. जमलं नाही तर तिची निवृत्ती.

रोझाल्बांचा दंड धरून वेंडेल आणि पट्ट्याने मागे जुनिपर, अशी तिघं लिफ्टने खाली आली. लिफ्टसमोर एक बाई उभी होती, कडेवर तसंच जॅकेट घातलेला छोटा स्पिट्झ कुत्रा. तो भुंकला. जुनिपर थरथरली.

“मॅडम, हा कामाचा कुत्रा आहे?” डार्लीनने दारावरून विचारलं.

“दिसत नाही? हे ओळखपत्र. फोटोसकट.”

“काय काम शिकवलंय त्याला?”

“तो माझ्यावर प्रेम करतो.”

“ते माझा नवराही करतो. त्याला मी गाडीत बसवून येते.”

“अहो, कार्ड तरी बघा!”

“कार्डामुळेच तर कळलं. कायद्यात असलं कार्डच नाही. या जुनिपरला विचारा, तिच्याकडे आहे का.”

बाई पुटपुटत बाहेर गेली. लिफ्ट उघडली, रिकामी.

“जुनिपर, पुढे.”

ती बसली. वेंडेलने पुन्हा सांगितलं. रोझाल्बांनी काहीतरी लिहिलं.

“बरं बाई,” तो म्हणाला, “तुझ्या मनाने चल. स्टॉलवर.”

जुनिपर उठली, डावीकडे वळली आणि कॉरिडॉरच्या टोकाला जिन्याच्या जड दारापाशी थांबली. तिथून ते दोघं एकदाच गेले होते, दोन वर्षांपूर्वीच्या फायर ड्रिलला. पहिल्या पायरीशी ती थांबली, त्याचा पाय टेकेपर्यंत. प्रत्येक वळणावर तसंच. स्टॉलशी पोचल्यावर वेंडेलला धाप लागली होती.

“लिफ्टला घाबरते,” रोझाल्बा म्हणाल्या. “कामाला नाही. राहू दे तिला.”

“माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?”

“त्यांची परीक्षा माझ्याकडे नाही.”

स्टॉल उद्याही सातलाच उघडेल. वेंडेल घरून सहा वीसऐवजी सहा दहाची बस धरेल.